बोलती मुलंच

"यकृत आता नेहमीच्या आकाराचं झालंय," डॉक्टर सलाईनची गती बघत खुशीत म्हणाले.

"आणि गेला महिनाभर ती मला आई म्हणत नाहीये, त्याचं काय?" हेमांगीनं विचारलं. सहा वर्षांची शर्वाणी तिच्या मांडीवर गप्प पडून होती. जन्मजात आजारानं तिचं यकृत सुजलं होतं, मेंदूही झिजत होता; वर्षभर दर आठवड्याला तिला हे औषध चढत होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "औषध म्हणजे प्रथिन. रक्तातून मेंदूत जाताना तिथल्या रक्तवाहिन्यांची भिंत त्याला अडवते. लोह नेणाऱ्या प्रथिनाला मात्र तिथे वाट मिळते. त्याच वाटेनं औषध न्यायचे प्रयोग चाललेत, पण त्यात बोलती मुलंच घेतात."

"वर्षापूर्वी ती गाणी म्हणायची! तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"होतं. तुम्ही खचाल म्हणून सांगितलं नाही."

"खचले असते! पण हिला घेऊन तिथे पोचलेही असते!"

शर्वाणीचं डोकं उशीवर टेकवून ती तडक शेजारच्या खाटेपाशी गेली. त्याच आजाराची, आजच पहिलं सलाईन लागलेली मुलगी तिथे आईला गोष्ट सांगत होती.

"ताई, हे औषध मेंदूत पोचत नाही. लेक बोलतेय तोवर ते पोचवायच्या प्रयोगाचा पत्ता घ्या या डॉक्टरांकडून. आत्ता, माझ्यासमोर."