कापायचं राहिलेलं भोक

आईचे कान महिन्यागणिक मंदावत होते. बाबा गेल्यानंतर त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट उरली होती. तिला ती नीट ऐकू यावी म्हणून मी स्पीकर घरीच करायला घेतला.

दुपारी लाकडी खोक्यावर सागाचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा, चिकटवलं. स्पीकर बसवायच्या भोकावरूनही ते सलग जातं. गोंद वाळला की मग भोक कापायचं.

ऊन फरशीवरून सरकत राहिलं. कुठे पोकळ राहिलंय का, ते मी नखाने टकटक करून बघत होतो. सगळीकडे भरीव आवाज येत होता. भोकावरचा पातळ गोल मात्र हळूच फुगला आणि हळूच बसला.

मी त्यावर कोमट इस्त्री फिरवली.

तो पुन्हा फुगला.

"हवा अडकलीय," मी पुटपुटलो.

"हवेला खोकला कधीपासून व्हायला लागला?" मागून आई म्हणाली.

गेलं वर्षभर तिला सगळं ओरडून सांगावं लागत होतं.

तिने खुर्ची ओढली आणि त्या गोलावर कान टेकवला. ती हसली. मग लग्नाच्या फोटोत लाजलीय तशी लाजली.

कॅसेट कपाटात होती. स्पीकर अजून पुठ्ठ्याच्या डब्यात, सीलबंद.

मी कटर उचलला. तिने न बघताच माझं मनगट धरलं.

"कापू नको म्हणतायत."

"का?"

"हळू बोल रे. आतले बाकीचे झोपलेत."