नऊचा मेल

आमचे सगळे क्लाउड सर्व्हर ज्या प्लॅटफॉर्मवरून सांभाळतो, तो आज सकाळी अपग्रेड केला. नव्या व्हर्जनचा एक नियम कडक आहे: ज्या सर्व्हरला नोकरीत असलेला मालक नाही, तो आपोआप बंद. असा एकच सापडला. चार वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या आमच्या साहेबांच्या नावावरचा.

"हा करतो तरी काय?" मी विचारलं.

"काही नाही गं," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. "रोज नऊला एक मेल पाठवतो, 'सगळं सुरळीत आहे'. साहेबांनीच लावून ठेवलं होतं. आता कोण वाचतंय! जाऊ दे."

जाऊ दिला.

नऊ वाजले, सव्वानऊ झाले, कुठे खुट्ट झालं नाही. तरी टेबलाखाली माझा पाय काही थांबेना. इतकं सरळ आमच्याकडे कधीच काही होत नाही. तीनदा सगळे सर्व्हर तपासले. चहा गार झाला. चौथ्यांदा तपासायला घेतलं, तेवढ्यात खालून वॉचमनचा फोन आला, "मॅडम, एक आजोबा आलेत. ऐकतच नाहीत, जिन्याने वर निघालेत."

फोन ठेवते तोच दार ढकलून साहेब आत आले. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, पायात घरातल्या सपाता. धापा टाकत ते थेट माझ्या खुर्चीपाशी आले.



"चार वर्षांत पहिल्यांदाच मेल आला नाही, पोरी. काय बंद पडलंय? सरक, मला बघू दे."