नव्वद सेकंद

आठ वाजता गोळ्यांची डबी वाजली, झाकण उघडलं आणि लगेच खट्कन मिटलं. आई अजून पलंगावरून उठतच होती.

सलग तिसरा दिवस. मुलीने स्क्रूड्रायव्हरने झाकण उचकटून हृदयाची गोळी काढली.

"तुझ्या बाबांच्या वेळी अशी तोंडावर मिटत नव्हती," आई म्हणाली. "तेव्हा ती तुझ्याइतकी शिकलेली नव्हती."

डबी बाबांनीच बनवलेली. आईने रोज चालावं म्हणून मुद्दाम लांब, स्वयंपाकघराच्या भिंतीत ठोकलेली. आतल्या नखाएवढ्या चिपचा प्रोग्रॅम त्यांनी सगळा असेंब्लीत लिहिला होता, म्हणजे चिपच्या कानाशी बसून एकेक हुकूम सांगत. ते गेल्यावर मुलीने तो सी भाषेत नीटनेटका करून टाकला. झाकण उघडं ठेवून थांबायचा लूपही तिने घातला होता: नुसते आकडे मोजायचे, बाकी काही नाही. दोन दिवस तिने स्प्रिंग बदलली, मोटरला शिव्या घातल्या. आज कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. सीचं चिपच्या भाषेत भाषांतर करणारा कंपायलर, ज्यातून काहीच निष्पन्न होत नाही असा लूप परस्पर उडवून टाकतो. हुशार असतो. माणूस असता तर साहेब झाला असता.

असेंब्लीला मात्र तो हात लावत नाही. म्हणून तिने बाबांची जुनी फाइल उघडली. थांबायच्या तुकड्याशेजारी त्यांनी टिपलं होतं:

चाळीस सेकंद.
साठ. गुडघा.
नव्वद. घाईत पडेल.

शेवटची ओळ ते गेले त्या आठवड्यातली होती. मुलीने तो तुकडा उचलला आणि आपल्या सीच्या मधोमध जसाच्या तसा बसवला.

दुसऱ्या दिवशी डबी वाजली. झाकण उघडलं आणि उघडंच राहिलं. आई उठली, भिंतीला धरत निघाली. मुलगी मनात मोजत होती. पंचावन्नला आई बाबांच्या खुर्चीपाशी आली. थांबली. खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल उचलला, झटकला, घडी घातली, परत ठेवला. मग निघाली.

अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद.

खट्.

आई दोन पावलं अलीकडे होती.

"दमलात वाटतं," ती डबीला म्हणाली.

मुलीने तिला गोळी काढून दिली. मग लॅपटॉप उघडला आणि बाबांच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं:

एकशे वीस. वाटेत खुर्चीपाशी थांबते.