जावयाने बसवलेलं पेडल

जावयाला धड बल्बही बदलता येत नाही, हे सासऱ्यांचं मत खोडून काढायचंच म्हणून मकरंदने बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडीचं अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल स्वतः बदललं, सेन्सरसकट. आता किल्लीच फिरेना.

"पेडल बदललं की किल्ली बिघडते का हो?" त्याने मागे बसलेल्या सासऱ्यांना विचारलं.

"आमच्या वेळी नव्हती बिघडत."

इतक्यात शेजारचे टिल्लूकाका आले. मकरंदला बाजूच्या सीटवर सरकवून त्यांनी आपली किल्ली फिरवली, तर गाडी लगेच सुरू! तेव्हा कुठे मकरंदला खांबाआड उभी असलेली आपली गाडी दिसली. अगदी अशीच, पांढरी; फक्त लॉक केलेली आणि जुन्याच पेडलची.

"बसलाच आहात तर सोडतो," काका म्हणाले. "कुठे जायचंय?"

गाडी सुसाट निघाली. सासऱ्यांनी मागून मकरंदची पाठ थोपटली.

"पेडल झकास बसवलंत, जावईबापू. पण ड्रायव्हर कधी ठेवलात?"