राजीखुशीचा फॉर्म

"वाचत काय बसलात? सही करा," ऑफिसची मॅडम म्हणाली.

इस्त्रीवाल्याने हात पँटला पुसले आणि कागद परत पहिल्या ओळीपासून धरला. प्रवासी जहाजाच्या अगदी तळातली ही लाँड्री. दिवसाला दोन हजार चादरी, त्याच्या दुप्पट टॉवेल, खिडकी एकही नाही. सकाळपासून वर कठड्यांना काटेरी तार बांधायचं काम चाललं होतं. ते त्याने फक्त ऐकलं होतं.

त्याची बायको मळक्या चादरींची ट्रॉली ढकलत आत आली. ती वरच्या केबिन साफ करायची.

"दुपारपासून चाच्यांचा पट्टा लागतोय म्हणे," ती म्हणाली. "नवव्या मजल्यावरचे एक आजोबा विचारत होते, चाच्यांच्या फोटोला जहाजाची कुठली बाजू बरी पडेल."

"हे वाच आधी."

तिने वाचलं. पुढचं पाणी धोक्याचं आहे हे मला माहीत आहे. मी राजीखुशीने कामावर राहत आहे. ज्यांची तयारी नसेल त्यांना त्या पाण्याच्या अलीकडच्या शेवटच्या बंदरात उतरवून कंपनीच्या खर्चाने घरी पाठवलं जाईल.

"अलीकडचं शेवटचं बंदर कुठलं?"

"ते परवा सोडलं आपण," मॅडम म्हणाली.

बायको नवऱ्याकडे वळली. "आपलं काय ठरलं होतं रे? या बाजूला जायची वेळ आली तर दोघांतल्या एकाने उतरायचं. आपल्या चिमीसाठी."

"मी विचारलं होतं. बंदरात असतानाच विचारलं. मुकादम म्हणाला, रस्ता अजून ठरलेला नाही."

"आणि तू मान डोलवून परत आलास."

"मग काय उडी मारू?"

"मी मारली असती. बॅगेसकट."

मॅडमला हसू फुटलं, ते तिने तसंच गिळलं. बाई वाईट नव्हती. तिच्या बगलेत दोनेकशे फॉर्म होते आणि दुपारच्या आत सगळे भरून हवे होते.

"समजा, नाही केली सही," बायको म्हणाली.

"तर तुम्हाला पुढच्या बंदरात उतरवतील."

"ते कधी येतं?"

"पाच दिवसांनी. हा पट्टा संपला की."

"म्हणजे चाच्यांमधून नेऊन झाल्यावर तुम्ही आम्हाला चाच्यांपासून वाचवणार."

भिंतीवरचा स्पीकर खरखरला. कॅप्टन प्रवाशांना सांगत होता की काळजीचं काही कारण नाही, पोहण्याचा तलाव उघडा आहे, सूर्य मावळल्यावर तेवढे पडदे ओढून घ्या.

"कर सही," इस्त्रीवाला बायकोला म्हणाला. "नाही केलीस तरी जायचं याच पाण्यातून. वर नोकरीही जाईल."

मॅडमने बायकोलाही एक फॉर्म दिला. खाली एक चौकोन होता. काही बरंवाईट झाल्यास कोणाला कळवायचं? त्याने बायकोचं नाव लिहिलं. तिने त्याचं.

"असं कसं चालेल?" मॅडम म्हणाली. "दोघंही इथेच आहात. घरचं कोणीतरी लिहा."

त्याने बायकोचं नाव खोडलं. तिने त्याचं खोडलं. पेन एकच होतं, म्हणून खोडायला थोडा वेळ लागला.

"मुलीचं लिहिलं तर?" त्याने विचारलं.

"वय काय तिचं?"

"चार पूर्ण."

"अठराच्या वरचं माणूस लागतं."

बायकोने सासूबाईंचं नाव लिहिलं. हे जहाज किनारा सोडून कुठे जातच नाही, असं तिने त्यांना फोनवर सांगितलं होतं. कोणाला कळवायचं ते लिहून झालं, आणि काय कळवणार तेही तिला तिथल्या तिथे दिसलं. तिने पेन नवऱ्याच्या हातात कोंबलं.

त्यानेही आईचंच नाव लिहिलं. दोघांच्या सह्या झाल्या. इस्त्रीवाल्याने तारखेच्या जागेवर पेन टेकवलं.

"आजची नको," मॅडम म्हणाली. "परवाची टाका."

"परवा आम्ही बंदरात होतो."

मॅडमने त्यांच्याकडे न बघता पुढचा कोरा फॉर्म वर काढला.

"म्हणूनच."