उन्हावरचं जेवण

शरयूताई पिठलं-भाकरीचं ताट घेऊन गच्चीवर आल्या. कातडी हिरवी करणारी लस घेतल्यापासून सोसायटीतले सगळे दुपारी इथंच पडून उन्हावर पोट भरत. एकट्या शरयूताईंना ती लस मानवली नव्हती.

त्यांचे यजमान दिगंबरराव उघड्या हिरव्या पाठीवर ऊन घेत पालथे पडले होते.

"एक घास घेता? तुम्हाला आवडायचं."

"आता पचत नाही गं. तू जेव."

"मग इथंच बसते. खाली एकटीला घास उतरत नाही."

त्या अगदी जवळ सरकून बसल्या. थोड्या वेळानं दिगंबरराव संकोचून म्हणाले, "जरा पलीकडे सरकतेस? तुझी सावली पडतेय, मी उपाशी राहीन."

शरयूताई खाली आल्या आणि ओट्यापाशी उभ्यानंच जेवल्या.