पळणाऱ्याची भूमिका

"शूटिंग चालू आहे," जनसंपर्क अधिकारी बोलून गेली.

फाटकाबाहेर पत्रकारांची झुंबड उडाली होती. तिच्या पाठीमागे अणुवीज केंद्राचा भोंगा कोकलत होता. कुंपणावरून पांढरी वाफ गावाकडे सरकत होती आणि पांढऱ्या पोशाखातली माणसं वाट फुटेल तिकडे धावत होती. संचालकसाहेबांनी तिला एवढंच सांगून पाठवलं होतं, की काहीही बोला, फक्त अपघात म्हणू नका.

"कसलं शूटिंग?"

"सिनेमाचं."

"गोष्ट काय आहे सिनेमाची?"

तिला दुसरं काही सुचेना. "अणुवीज केंद्रात अपघात होतो," ती म्हणाली, "आणि वरचे अधिकारी तो दडपून टाकतात. रहस्यपट आहे."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी केंद्राचं तोंडभरून कौतुक केलं. आपल्याच आवारात आपल्याच अब्रूवर सिनेमा काढू द्यायचा म्हणजे केवढं मोठं मन! मंत्र्यांचाही फोन आला. पिक्चर कधी लागतोय, असं त्यांनी आवर्जून विचारलं. साहेबांनी फोन ठेवला आणि कपाळ धरलं.

"आता काढा पिक्चर," ते तिला म्हणाले.

अपघात झाला तेव्हा आत तिचा सख्खा भाऊ होता. दादा केंद्रात फिटर. नळ फुटल्यावर बाकीचे बाहेर पळाले. दादा आत थांबला आणि भाजलेल्या हातांनीच त्यानं मुख्य झडप बंद केली. नाहीतर गाव रिकामं करावं लागलं असतं. साहेबांनी त्याला केंद्राच्या विश्रामगृहात लपवलं, तिथेच मलमपट्टी केली आणि घरी निरोप धाडला, की तो प्रशिक्षणाला गेलाय. तोंड उघडलंस तर तुझी नोकरी जाईलच, पण बहिणीचीही जाईल, असंही त्याला बजावलं. दादानं खरं काय ते फक्त बहिणीला सांगितलं, घरी अवाक्षर काढलं नाही.

दिग्दर्शक बाहेरून आणला. त्यानं आजवर फक्त साबणाच्या जाहिराती केल्या होत्या. खरी साफसफाई बाकीच होती, तीही कॅमेऱ्यासमोर उरकून घेतली. विषारी पाण्यानं माखलेल्या फरश्या माणसं जीव मुठीत धरून घासत होती आणि कुंपणापलीकडून बघे टाळ्या वाजवत होते.

झडप बंद करायच्या प्रसंगाला दिग्दर्शकानं दादाला उभं केलं. यंत्राची माहिती असलेला माणूस बरा, असं त्याला वाटलं. दादानं झडप बंद केली. तशीच, जशी त्या दिवशी केली होती.

"कट! अहो, चेहऱ्यावर काहीच येत नाही तुमच्या."

"काय यायला हवं?"

"भीती! घाम! मरण समोर उभं आहे तुमच्या. खरं वाटलं पाहिजे."

दादा पुन्हा पुन्हा झडप फिरवत राहिला आणि दिग्दर्शक पुन्हा पुन्हा मान हलवत राहिला. शेवटी त्यानं शहरातून दंड फुगवणारा एक नट मागवला. तो झडपेला मिठी मारून असा काही किंचाळला, की साहेबांच्याही डोळ्यांत पाणी आलं. दादाला दुसरं काम मिळालं. हातातला पाना फेकून सगळ्यांच्या आधी पळत सुटणाऱ्या भेदरटाचं.

"नको करूस, दादा," ती म्हणाली.

"असू दे गं. कुणीतरी पळायला हवंच की," दादा म्हणाला आणि पळाला. पहिल्याच खेपेला दिग्दर्शकाला ते पसंत पडलं.

सिनेमा धो धो चालला. दादा रस्त्यानं निघाला की पोरं "पळा, पळा!" ओरडत त्याच्या पुढून धावायची. न्हाव्याच्या दुकानात खुर्ची मिळायच्या आधी त्याला चिमटा मिळायचा, "काय राव, वस्तरा बघून पळणार नाही ना?" सुरुवातीला दादाही हसायचा. मग त्यानं घरीच दाढी करायला सुरुवात केली. भाजलेल्या हातात वस्तरा नीट धरता येत नसे, म्हणून गालावर कापल्याच्या खुणा दिसायच्या. हात शूटिंगमध्ये भाजला, असं त्यानं वहिनीला सांगितलं होतं.

एक दिवस वहिनी नणंदेकडे आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "ताई, तुमच्या सिनेमात ह्यांना निदान मरायला तरी द्यायचं होतं. मेलेल्या माणसाला कुणी हसत नाही."

सिनेमाच्या यशाचा सोहळा केंद्राच्याच सभागृहात झाला. दंडवाल्या नटाला शौर्याचं पदक दिलं. मंत्र्यांनी ते त्याच्या शर्टाला टोचलं तेव्हाही तो छान किंचाळला. दादाला मंचावर बोलावताच सभागृह शिट्ट्यांनी दुमदुमलं. "पळा, पळा!" मंत्रीही खदखदून हसले. दादानं हसऱ्या चेहऱ्यानं नमस्कार केला आणि परत जाताना पायरी चुकून अडखळला. त्यावर तर लोक लोळायचेच बाकी राहिले. पहिल्या रांगेत वहिनीनं मान खाली घातली.

मग साहेब बोलायला उभे राहिले. या सिनेमातली प्रत्येक गोष्ट काल्पनिक आहे, असं त्यांनी छातीला हात लावून सांगितलं. टाळ्या पडल्या. कॅमेरे वळले. एक तरुण पत्रकार मुलगी उठली आणि जाता जाता विचारावं तसं तिनं जनसंपर्क अधिकाऱ्याला विचारलं, "मॅडम, म्हणजे यातलं अगदी काहीच खरं नाही?"

साहेबांनी ध्वनिवर्धक तिच्या हातात दिला. उत्तर सोपं होतं. दोनच शब्दांचं. ती वहिनीकडे बघत राहिली.

"उलट आहे," ती म्हणाली. "या सिनेमात एकच गोष्ट खोटी आहे. माझा दादा पळाला नव्हता."